टोळीनायक काढून टाकले म्हणे!

आत्ताच पालकांच्या मीटिंगमधून आलेय. डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

यंदा आमच्याकडच्या संस्थेचं उन्हाळी शिबिर एका इव्हेंट कंपनीला दिलंय. (नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.) इंदूरजवळ चोरलच्या बाजूला रिसॉर्ट, झिपलाइन, रेन डान्स, रोज संध्याकाळी ग्रुपवर फोटो. आणि टोळ्या, म्हणजे मोठ्या मुलाला नायक करून पाडलेले मुलांचे छोटे गट, बंद! नववी-दहावीच्या पोरांनी लहानांना सांभाळायचं, चूल पेटवायची, भांडी घासून घ्यायची, ते सगळं बंद. त्याऐवजी टी-शर्ट घातलेले पगारी दादा-ताई. कंपनीचा माणूस प्रोजेक्टरसमोर उभा राहून अभिमानाने सांगतोय, "मैडम, बच्चों को कुछ करना ही नहीं पड़ेगा." आणि आपली शिकलीसवरली माणसं टाळ्या वाजवतायत.

अहो, काहीच करायचं नसेल तर पोरं घरी काय वाईट आहेत?

मी सहावीत असताना गाइडच्या (मुलींच्या स्काउटच्या) शिबिराला पचमढीला गेले होते. नर्मदा एक्सप्रेसने पिपरिया, पुढे बसने घाट. इंदूरच्या मे महिन्यातून निघालेल्या आम्ही, आणि तिथे पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटत होती. आमच्या कमळ टोळीची नायिका दहावीतली, म्हणजे पंधरा वर्षांची पोर. आमचा शिधा, सरपण, तंबू, भांडणं, सगळं तिच्या डोक्यावर. पहिल्या रात्री मी आईच्या आठवणीने रडायला लागले, तर तिने जवळबिवळ घेतलं नाही. म्हणाली, "रडून झालं की सुतळी धर. भांड्यांची मांडणी बांधायची राहिलीय." टॉर्च दातांत धरून तिने मला काठीला दोर बांधायची गाठ, खूंटा फांस, शिकवली. काठीला एक वेढा, दुसरा त्याच्यावरून तिरपा, आणि टोक त्या तिरप्या वेढ्याखालून बाहेर. माझी गाठ सुटत राहिली, ती पुन्हा बांधायला लावत राहिली. रडू कधी थांबलं ते कळलंच नाही.

हे पगारी ताईला जमेल? ती मला गप्प करेल, चॉकलेट देईल आणि आईला फोन लावून देईल.

आणि टोळी म्हणजे काही संस्थेचे पैसे वाचवायची युक्ती नव्हे. 1907 साली स्काउटचा जनक बेडन-पॉवेल याने इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, बड्या शाळांतली आणि कामगारांच्या घरची मुलं एकत्र करून. तेव्हाच त्याने चार टोळ्या पाडल्या आणि प्रत्येकीवर मुलांमधलाच एक नायक नेमला. स्काउट चळवळ उभी राहायच्या आधी टोळी होती! आजही आपल्याकडे दहा ते सतरा वर्षांची मुलं एकाच स्काउट पथकात असतात, ती उगाच नाही. लहानाला समोर मोठं कोणीतरी दिसायला हवं, आणि मोठ्याला कोणीतरी लहान सांभाळायला मिळायला हवं. दहावीच्या पोराला आपण इंदुरात भंवरकुआच्या क्लासला पाठवून आयआयटीचं ओझं बिनधास्त देतो, पण त्याच्या हाती सात जणांची खिचडी द्यायला घाबरतो.

सुरक्षिततेचं म्हणाल तर मान्य. जबाबदार मोठं माणूस हवंच, मुलींबरोबर बाई हवीच, पाण्यापाशी तर हवीच हवी. पण हाकेच्या अंतरावर. मानगुटीवर नको.

पचमढीलाच एकदा आमची डाळ लागली. जिची स्वयंपाकाची पाळी होती ती रडवेली झाली. बाई आल्या, तशी नायिका पुढे झाली आणि म्हणाली, "माझ्या टोळीची डाळ लागलीय." कोणाची पाळी होती हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. वरची वरची डाळ काढून घेतली, कांदा चिरला, लिंबू पिळलं, सगळ्यांना वाढलं आणि पातेलं स्वतः घासायला घेतलं. पंधरा वर्षांची! मी आजवर नोकरीत पाहिलेल्या बहुतेक साहेबांना हे जमलेलं नाही.

मीटिंगमध्ये शेजारी बसलेली एक आई हळूच म्हणाली, "माझा कधीच बाहेर झोपलेला नाही हो, फोटो आला की बरं वाटेल." तिच्यावर नाही चिडता आलं. माझ्या आईलाही काळजी असणारच की. तिला माझं पोस्टकार्ड मी घरी परतल्यानंतर मिळालं, आणि तिने ते मलाच मोठ्याने वाचायला लावलं.

पण आमच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा यंदा नायक होणार होता. वहीत पाळ्या लिहून तयार आहेत त्याच्या. पाणी कोण, सरपण कोण, भांडी कोण. एका चिमुरड्याच्या नावापुढे लिहिलंय, 'अंधाराला घाबरतो, माझ्याशेजारी.' आता त्याला काय सांगायचं? तू रेन डान्स कर?

झिपलाइन ठेवा, माझं काही म्हणणं नाही. टोळ्या परत द्या, चूल परत द्या. शनिवारी पैसे भरायच्या आधी पुन्हा मीटिंग आहे, संध्याकाळी सहाला. ज्यांची पोरं जाणार आहेत त्यांनी कृपा करून या. मला एकटीला बोलायला लावू नका. मी चिडले की हिंदीत सुरू होते, आणि मग घरचेसुद्धा ऐकत नाहीत.