बहिणीच्या वाट्याच्या ओळी

मागच्या सप्टेंबरात आम्ही फ्रान्सला बरगंडीत गेलो होतो, बोन गावाजवळ टेकडीच्या उतारावर एक घरगुती वायनरी आहे, नवरा-बायको आणि मुलगा मिळून चालवतात. वाईनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मी दिंडोरीची, द्राक्षबागेत वाढलेली, त्यामुळे नजर आधी वेलींवर. आणि बघून हसूच आलं, वेली कमरेएवढ्या! आपल्याकडे मांडवाखाली माणूस ताठ उभा राहतो, इथे दोन ओळींत जेमतेम मीटरभर जागा, म्हणून ट्रॅक्टरच उंच पायांचा, ओळीच्या डोक्यावरून चालतो. ठिबक नाही, छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, मग बाकीचं वर्ष करतात काय?

तर माती वर नेतात 😄 पावसात उतारावरून वाहून आलेली माती खाली भिंतीशी साठते, ती पूर्वी पाठीवरच्या टोपलीतून वर न्यायचे, आता ट्रेलरने. सगळा भाव त्या उताराचाच ना, मधल्या पट्ट्यातली वाईन ग्राँ क्रू म्हणून, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची म्हणून, सोन्याच्या भावात आणि रस्त्याच्या खालच्या सपाटीवरची साधी, द्राक्ष तेच, पिनो न्वार.

पण मला लिहायचंय ते वाटण्यांबद्दल. तिथे क्लो द वूजो नावाची बाग आहे, एका मठाच्या साधूंनी लावलेली, चारी बाजूंनी दगडी भिंत. राज्यक्रांतीत सरकारजमा झाली, पुढे विकली गेली, आणि आज त्या 50 हेक्टरचे 80 च्या आसपास मालक आहेत, काहींच्या वाट्याला फक्त काही ओळी. 1804 च्या नेपोलियनच्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा, त्यामुळे तुकडे तर पडणारच. आपल्याकडे असं काही निघालं की लगेच, पोरींनी वाटा मागितला की शेती बुडते! इथे तर दोनशे वर्षं मागतायत, बुडाली का?

ह्या वायनरीतल्या काकांच्या दोन बहिणी आहेत. जमीन तिघांच्या नावावर, कसतात एकटे काका, बहिणींना दरवर्षी खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, जातो. मी विचारलं, त्यांनी सोडून नाही दिला वाटा? काकांना प्रश्नच कळला नाही, मुलाने दोनदा समजावला तरी.

आता माझं. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क 1994 ला मिळाला, आणि मी लग्नानंतर दोन वर्षांनी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती नाही केली हो, फक्त पेन हातात दिला आणि वहिनीने पेढे आणले होते. माहेर तुटायला नको म्हणून आपण सगळ्याच करतो.

तिथेही सगळं गोडच आहे असं नाही. जमिनीचे भाव इतके चढलेत की वारसा कर भरताना घरं जेरीला येतात, सवलती असूनही. 1932 पासून एकाच कुटुंबाकडे असलेली क्लो द तार ही बाग 2017 मध्ये अब्जाधीश फ्रांस्वा पिनो यांच्या कंपनीने घेतली. काकांनाही तीच धास्ती.

निघताना तळघरात पिंपातून काचेच्या नळीने वाईन काढून चाखायला दिली, थुंकायची असते म्हणे, मी गिळली. वर आले तर धाकटी बहीण तोडणीला आलेली, लिऑं शहरात शिक्षिका आहे, दरवर्षी रजा टाकून येते. हातात कात्री, गुडघ्यांना चिखल, आणि भावाला ओरडत होती की माझ्या ओळी आधी तोडू नकोस, अजून दोन दिवस हवेत.

मी आमच्या बागेत गेले की मला खुर्ची देतात आणि चहा.