सगळेच बॉल आपले असतात तेव्हा

टेबलावर काठीने बॉल पॉकेटांत घालायचा खेळ तो पूल, आणि आपल्याकडे पूल म्हणजे एट-बॉल. सात पट्ट्यांचे, सात भरीव, शेवटी काळा. थोडी हौसेची मंडळी असतील तर नाइन-बॉल. स्ट्रेट पूलचं नाव काढलं की पार्लरवाला 'हे काय नवीन?' अशा चेहऱ्याने बघतो. नवीन काही नाही, शंभर वर्षांहून जुना खेळ आहे. अमेरिकेत कित्येक दशकं पूलचं जगज्जेतेपद याच खेळावर ठरायचं. आणि मला विचाराल तर सहा पॉकेटांच्या टेबलावर याच्याइतका शहाणा खेळ दुसरा नाही. स्नूकरवाले मित्र भडकतील. भडकू देत.

नियम ऐकायला अगदी बाळबोध. कुठलाही बॉल, कुठल्याही पॉकेटमध्ये. फक्त कुठला बॉल कुठे घालणार ते आधी सांगायचं. एका बॉलला एक पॉइंट, बॉलवर आकडा काहीही असो. १०० किंवा १५०, जे ठरलं असेल तिथे आधी पोचेल तो जिंकला. सुट्टीत आपण पॉइंटचा कॅरम खेळायचो, जी सोंगटी पडेल ती आपली, तसंच काहीसं.

खरी मेख आहे ती चौदा बॉल गेल्यावर. पंधरावा बॉल असेल तिथेच ठेवायचा. बाकीचे चौदा पुन्हा त्रिकोणात लावायचे, टोकाची जागा रिकामी सोडून. आता असा शॉट हवा की तो एकटा बॉलही पॉट होईल आणि पांढरा, म्हणजे काठीने मारायचा बॉल, जाऊन त्या गठ्ठ्यावर आदळून तो फोडेल. गठ्ठा फुटला तर खेळ चालू. नाही फुटला तर बसा सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपं काही न ठेवणारा शॉट, शोधत. म्हणून हा शेवटचा बॉल, म्हणजे ब्रेक बॉल, कुठला ठेवायचा हे आधीच ठरवावं लागतं. त्याच्यावर नेमक्या कोनात यायचं तर त्याच्या आधी घालायचा बॉल (त्याला 'की बॉल' म्हणतात) कुठला, तेही. चांगला खेळाडू त्रिकोणाच्या बाजूला पडलेला एखादा सोपा बॉल अर्धं टेबल भरलेलं असतानाच हेरतो आणि राखून ठेवतो. समोर पॉकेट उघडं दिसतंय, पण हात लावत नाही. नवख्याला नेमका तोच मोह आवरत नाही. पॉइंट मिळतो आणि पुढच्या रॅकचं, म्हणजे नव्याने लावलेल्या त्रिकोणाचं, दार बंद होतं.

शेवटचा बॉल टेबलावर राखण्याची ही युक्ती जेरोम कीओ या अमेरिकन खेळाडूची, १९१० च्या सुमाराची. त्याआधी पंधराच्या पंधरा लावून नव्याने फोडायचे, म्हणजे प्रत्येक रॅकला लय तुटायची. एका बॉलने सगळा खेळ बदलला.

नाइन-बॉलमध्ये पुढे काय मारायचं ते बॉलवरचा आकडाच सांगतो, सगळ्यात लहान आकडा आधी; नववा घालेल त्याचा रॅक. पांढरा टेबलभर फिरवावा लागतो, जोरदार ब्रेक, म्हणजे गठ्ठा फोडणारा पहिला शॉट, असतो, दिसायला झकास. पण आठ बॉल देखणे घालून नववा चुकला की समोरचा उठतो, एक सोपा शॉट मारतो आणि रॅक घेऊन जातो. त्यात फ्लूक, म्हणजे नशिबाने पडलेला बॉलही चालतो. मला हा हिशोब कधी पटला नाही. स्नूकरचं कौशल्य शंभर टक्के मान्य, एवढं मोठं टेबल आणि एवढीशी पॉकेटं! पण तिथेही लाल, मग रंगीत, पुन्हा लाल, अशी चाकोरी आखलेली आहे. स्ट्रेट पूलमध्ये चाकोरी नाही. पंधरा बॉल समोर, सगळे तुमचे, क्रम तुम्ही ठरवा. चुकलात तर बहुतेक वेळा नेम चुकलेला नसतो, तीन शॉट आधीचा निर्णय चुकलेला असतो.

शिवाय ठरलेला आकडा गाठूनही खेळत राहिलं तर वर छत नाही. विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एका प्रदर्शनीय सामन्यात सलग ५२६ बॉल घातले. तो आकडा ६५ वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले, २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. ७१४ म्हणजे पन्नासहून जास्त वेळा तो गठ्ठा फोडायचा, आणि दर वेळी आधी त्याची सोय करून ठेवायची!

हा खेळ मागे का पडला, याचंही उत्तर याच आकड्यांत आहे. १९६६ च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात अर्विंग क्रेनने एका दमात १५० करून सामना संपवला. समोर जो बाल्सिस, स्वतः उत्तम खेळाडू, पण करणार काय? खुर्चीत बसून बघत होता. टीव्हीला हे कसं परवडावं? नाइन-बॉलचा रॅक काही मिनिटांत आटोपतो, मध्ये जाहिराती बसतात. बिलियर्ड्सचंही हेच झालं होतं. १९३२ मध्ये लंडनला वॉल्टर लिंडरमने ४१३७ चा ब्रेक (बिलियर्ड्समध्ये ब्रेक म्हणजे एका दमात केलेले पॉइंट) केला, आणि लोक स्नूकरकडे वळले ते अशा न संपणाऱ्या ब्रेकना कंटाळूनच. खेळाडू फार चांगले झाले की प्रेक्षकाला झोप येते, याला इलाज नाही.

पण आपल्याला ही झोप यायला नको होती, असं मला राहून राहून वाटतं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. मुंबईच्या मायकल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ चा ब्रेक केला. तासन्‌तास बॉल हाताशी ठेवून, छोट्या छोट्या शॉटवर डाव लांबवत न्यायचा, ही नजर आपल्याकडे होतीच. पूलची टेबलं आली ती मॉलच्या, बोलिंगच्या झगमगाटात, आणि सोबत आला फक्त एट-बॉल.

दुसरी अडचण पैशाची. पार्लरमध्ये भाडं तासावर. दोन सामान्य खेळाडू १०० पर्यंत खेळायला बसले तर संध्याकाळ आणि पाकीट दोन्ही रिकामं. त्यात नियमाप्रमाणे त्रिकोणाची रेघ कापडावर आखलेली लागते, म्हणजे ब्रेक बॉल आत आहे की बाहेर ते कळतं. ती आखायला पेन्सिल काढलीत तर मालक टेबलावरच चढेल. आम्ही अंदाजाने भागवतो आणि भांडतो.

ठाणे-डोंबिवलीकडे कोणाला खेळायची इच्छा असेल तर कमेंटमध्ये सांगा. १०० नको, ५० पर्यंत खेळू. टेबलचं भाडं हरणाऱ्याने द्यायचं, आणि पहिला ब्रेक मी करणार नाही. स्ट्रेट पूलमध्ये तो कोणालाच नको असतो, का ते एकदा खेळलात की कळेल.