पाहणारे डोळे आणि ऐकणारे कान

१० नोव्हेंबर २०२५ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीचा स्फोट झाला, त्या रात्री आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणालाच झोप नव्हती. इथं लंडनमध्ये संध्याकाळ होती. आधी सगळ्यांनी एकमेकांची खुशाली विचारली, मग वाद पेटला. मावसभाऊ म्हणाला, लोकच बेफिकीर झालेत, शेजारी कोण राहतं याचा पत्ता नसतो, प्रत्येकानं डोळे उघडे ठेवले तर कुणाची हिंमत होणार नाही. भाची कॉलेजात शिकवते. तिनं लिहिलं, ‘मामा, डोळे उघडे ठेवा म्हणजे शेवटी कुणाकडे रोखून बघा, हे सगळ्यांना बरोबर कळतं.’

मला दोघांचंही पटत होतं. तरी दोघांच्या बोलण्यातून एक प्रश्न निसटत होता. एखाद्याला काही दिसलं, तर त्यानं ते सांगायचं कुणाला, आणि सांगितल्यावर त्याचं काय होतं?

आपल्याकडे डोळ्यांची कमतरता कधीच नव्हती. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी बोट लागली, पाठीवर जड पिशव्या घेतलेले तरुण उतरले, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना पाहिलं होतं. कोण आहात म्हणून हटकलंही होतं. आपल्या कामाशी काम ठेवा, असं त्यांना उत्तर मिळालं. किनाऱ्यावर कुठली होडी कुणाची, हे कोळ्यांइतकं कुणाला कळणार? ही गोष्ट त्यांनी पोलिसांच्या कानावर घातली, पण तिची फारशी दखल घेतली गेली नाही, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसं गेली. वेळेवर दखल घेतली असती तर सगळं टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री मुंबईत जागरूक नागरिक नव्हते, असंही कुणी म्हणू नये.

हा दोष फक्त आपलाच आहे असं समजून परदेशातून उपदेश करणाऱ्यांतला मी नाही. २२ मे २०१७ला मँचेस्टरच्या अरीनात कार्यक्रम संपताना आत्मघातकी स्फोट झाला आणि २२ जण मारले गेले. स्फोटाआधी पंधरा-वीस मिनिटं मुलीला न्यायला आलेल्या एका पालकाला, भली मोठी सॅक घेऊन कोपऱ्यात बसलेला माणूस खटकला. त्यानं सरळ जाऊन विचारलं, सॅकमध्ये काय आहे? उत्तर मिळालं नाही, म्हणून त्यानं तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितलं. आपल्याला वाटेला लावलं, असं त्याला वाटलं. त्या कर्मचाऱ्यानं पुढे आपल्या सहकाऱ्याला सांगितलं. तो जेमतेम अठरा वर्षांचा. रेडिओवर त्याचा नियंत्रण कक्षाशी संपर्क झाला नाही, आणि आपली शंका खोटी ठरली तर लोक आपल्याला वंशद्वेष्टा म्हणतील, ही भीतीही त्याच्या मनात होती. न्यायमूर्ती सॉन्डर्स यांच्या चौकशीत हे सगळं पुढे आलं. त्यानंतर बरीच वर्षं गेली, पण २०२५मध्ये इथं कायदा झाला. मोठ्या जागा चालवणाऱ्यांनी अशा प्रसंगाची तयारी ठेवायची, हे आता त्यांच्यावर बंधनकारक होणार आहे.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १ मे २०१०ला टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या गाडीतून धूर येताना तिथल्या फेरीवाल्यांना दिसला. त्यांनी जवळच्या पोलिसाला सांगितलं, परिसर रिकामा झाला आणि बॉम्ब फुटलाच नाही. आता आपल्या स्टेशनाबाहेरचा फेरीवाला आठवा. रोज त्याच चार हात जागेत बसणारा, कुठली पिशवी सकाळपासून तशीच पडून आहे हे सगळ्यात आधी ओळखणारा. पण गाडी उचलली जाईल म्हणून तो पोलिसाला पाहताच माल आवरायला लागतो. तो पोलिसाकडे स्वतःहून जाईल कशाला? सगळ्यात तीक्ष्ण नजर ज्यांची, पोलिसांची धास्तीही त्यांनाच सगळ्यात जास्त. माझ्या मते आपला सगळा प्रश्न इथं अडला आहे.

भाचीचा मुद्दा मी स्वतः भोगला आहे. जुलै २००५मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट होऊन ५२ जणांचा जीव गेला, तेव्हा मला इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. गर्दीतसुद्धा. मी सॅक मांडीवर घ्यायचो, चेन मुद्दाम अर्धी उघडी ठेवायचो, आतली पुस्तकं दिसावीत म्हणून. कुणी मला काही विचारलं नाही आणि कुणी पोलिसांना कळवलंही नाही. लोक नुसते उठून दुसऱ्या डब्यात जायचे. २२ जुलैला स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला संशयित समजून गोळ्या घातल्या. त्यानंतर तर मी पावसात पायी जायचो, पण घाईघाईनं जिना उतरायचो नाही.

आणि आपल्याकडे संशयाला अफवेची जोड मिळाली की काय होतं, तेही पाहिलं आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी, सोलापूरकडची माणसं. त्या जमावातल्या प्रत्येकाला आपण जागरूकच आहोत असं वाटत असणार. मोबाइलवर आलेला मजकूर गावभर फिरला, पोलिसांपर्यंत मात्र वेळेवर गेला नाही. म्हणून ‘सावध राहा, ही माणसं दिसली तर सोडू नका’ असले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना मी दक्ष म्हणत नाही. ग्रुपवर टाकणं आणि कळवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कळवणं म्हणजे काय, ते मी एकदा जवळून पाहिलं. इथल्या गाड्यांमध्ये २०१६पासून एक घोषणा सतत चालू असते. काही खटकलं तर रेल्वे पोलिसांना ६१०१६वर मेसेज करा, अशी. एका संध्याकाळी समोरच्या सीटखाली काळी कापडी पिशवी होती, आत ढकललेली. दोन स्टेशनं गेली, तिला कुणी हात लावला नाही. शेजारच्या आजोबांना विचारलं, त्यांनी मान हलवली. मी गाडी कुठून कुठे जाते, डबा कितवा आणि पिशवी कुठे आहे एवढं लिहून पाठवलं. चुकीचं ठरलं तर काय, या विचारानं तळहाताला घाम आला होता. लगेच उत्तर आलं, पुढच्या स्टेशनावर दोन पोलीस चढले. त्यांनी सगळ्यांना मागच्या डब्यात जायला सांगितलं, पिशवी तपासली. आत व्यायामाचे कपडे आणि ओला टॉवेल. मी ओशाळून म्हटलं, उगाच तुम्हाला त्रास दिला. त्यातली पोलीस बाई म्हणाली, ‘असंच कळवत जा.’ माझं नाव विचारलं नाही, जबाब नाही, सही नाही. चार मिनिटांत गाडी सुटली.

आपल्याकडे ११२ आहे, रेल्वेसाठी १३९ आहे. ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही घोषणा ऐकत आपण मोठे झालो. तरी माणूस फोन करताना कचरतो, कारण पुढची लचांडं त्याला दिसत असतात. तूच कशी पाहिलीस, तू तिथं काय करत होतास, साक्षीला ये. पण हे बदलता येतं, आणि आपणच एका बाबतीत ते बदललं आहे. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पूर्वी असाच त्रास व्हायचा. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं, २०१९मध्ये ते मोटार वाहन कायद्यात आलं. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. संशयास्पद वस्तूची खबर देणाऱ्यालाही असंच लेखी अभय मिळावं, ही माझी मागणी आहे. कळवताना वस्तूचं आणि हालचालीचं वर्णन विचारावं. दाढी, टोपी, बोली विचारू नये. फेरीवाला, हमाल, कोळी, वॉचमन यांना त्या हद्दीतल्या एका तरी हवालदाराचं नाव ठाऊक असावं, आणि त्यानं हप्ता नव्हे तर खबर विचारलेली असावी.

हे सगळं मी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं. मावसभावानं सकाळी विचारलं, ‘तिकडे तुला आता कुणी संशयानं बघत नाही का?’ मी त्याला महिन्यापूर्वीचं सांगितलं. गाडीत मी दाराशी उभा होतो, सॅक चार हातांवर सीटजवळ ठेवलेली. एक शाळकरी पोरगी उठली, सॅककडे बघितलं, मग एकेकाकडे बघत माझ्यापाशी आली आणि विचारलं, ‘ती बॅग तुमची का?’ मी हो म्हटलं. ‘बरं,’ म्हणाली आणि जाऊन त्याच सीटवर, सॅकला लागून बसली.