शारजाहून येणाऱ्या पोट्ट्याले लिस्ट पाठवणाऱ्यांनो, जरा ऐका

आमच्या समुद्रपूर तालुक्यातले बरेच पोट्टे आता आखातात आहेत. कोणी वेल्डर, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलच्या किचनमध्ये. त्यातला एखादा सुट्टीवर येणार हे कळलं की लिस्ट सुरू. काकूला चॉकलेट, मावसभावाला सेंट, जावईबापूंना "ती" बाटली. एखादा महाभाग तर सरळ आयफोनच सांगतो. आणि वर ठरलेलं वाक्य: "एअरपोर्टवर सारं ड्युटी फ्रीच असते ना बे, तुले काय लागते?"

लागते. त्या पोट्ट्याचा पगार लागते.

भानगड अशी आहे. जो माल देशाबाहेर चालला त्यावर त्या देशाने आपला कर घ्यायचा नाही, एवढाच यामागचा हिशोब. पासपोर्टवर शिक्का पडून माणूस आत गेला की तो आता इथे काही वापरणार नाही असं धरतात, म्हणून तिथल्या दुकानात कर माफ. पहिलं असं दुकान आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर 1947 साली निघालं. अटलांटिक ओलांडणारी विमानं तेव्हा तिथे तेल भरायला थांबत, आणि थांबलेल्या पैसेवाल्या प्रवाशांना काही तरी विकावं ही ब्रेंडन ओ'रेगन नावाच्या माणसाची अक्कल. पुढे युरोपीय संघाने 1 जुलै 1999 पासून आपल्या सदस्य देशांतल्या आपसातल्या प्रवासाला ही सवलत बंद करून टाकली. माल संघाबाहेर जातच नाही, तर माफी कशाची?

आता डोकं लावा. माफ होतो तो फक्त कर. मग ज्या वस्तूवर कर जबर, तीच स्वस्त पडणार. म्हणजे दारू आणि सिगरेट. चॉकलेट, सेंट, गॉगल यांचं काय? यूएईत, म्हणजे शारजा-दुबईच्या देशात, व्हॅटच मुळी 5 टक्के आहे. तो माफ होऊन होऊन किती होणार? आणि ते दुकान काही धर्मादाय नाही. विमानतळाला जबर भाडं आणि विक्रीतला वाटा द्यावा लागतो. जत्रेत पाळण्याच्या शेजारची जागा धरणारा भजेवाला जागेचे पैसे भज्यातूनच काढतो, इथेही तेच. बऱ्याच विमानतळांवर तर सिक्युरिटीतून निघालात की वाटच दुकानातून काढलेली असते. दुकान चुकवून गेटवर जायची सोयच नाही.

माझ्या पुतण्याने मागे तिथून चॉकलेटच्या डब्याचा फोटो पाठवला होता, किमतीच्या चिठ्ठीसकट. तोच डबा मी सीताबर्डीवर पाहिला. दिरहमचे रुपये करून जो फरक निघाला त्यात जाम चौरस्त्यावर दोघांचा चहा झाला असता, नाश्ता नाही. आणि पोट्टा तो डबा मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत आला, कारण हातातल्या बॅगेचंही वजन करतात.

दुसरी गोष्ट तर लोकांच्या ध्यानातच येत नाही. तिथे कर माफ झाला म्हणून आपल्या कस्टमने सोडलं असं होत नाही. इथे उतरल्यावर आपल्या देशाची मर्यादा लागते. 2016 च्या बॅगेज नियमांनी ती 50,000 रुपये ठरवली होती. हे आकडे सरकार बदलत राहते, म्हणून निघायच्या आधी ताजा आकडा पाहून घ्यावा. मर्यादेवरच्या मालावर ड्युटी भरावी लागते. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एकच महागडी वस्तू बसवता येत नाही. मुंबई-दिल्लीला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ जे दुकान दिसतं, तिथली खरेदीही ह्याच मर्यादेत मोजतात. वरून ती वेगळी सूट नाही. म्हणजे आयफोन सांगणाऱ्याने एका पोट्ट्याची अख्खी मर्यादा खाल्ली, आणि वर ड्युटी बसली तर ती कोण भरणार यावर ग्रुपमध्ये एकदम शांतता! सपाट पडद्याचा टीव्ही तर ऑगस्ट 2013 पासून ह्या सवलतीत बसतच नाही. तरी दुबईचा टीव्ही म्हणणारे आमच्याकडे अजून आहेत.

सोन्याचं त्याहून वाईट. बिस्किट किंवा नाणं एक ग्रॅमचं असलं तरी सवलत नाही. दागिन्याला आहे, बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम, पण एक वर्षाहून जास्त बाहेर राहून येणाऱ्यालाच. आठ दिवस दुबई पाहून आलेल्या वहिनीला ती लागू नाही. शिवाय जुलै 2024 मध्ये आपल्याकडे सोन्यावरची ड्युटी 15 वरून 6 टक्क्यांवर आणली होती, तेव्हाच दुबईच्या सोन्याची अर्धी मजा गेली. तरी लग्नसराई आली की लिस्टमध्ये सोनं असतंच.

राहिली जावईबापूंची बाटली. इथे मात्र फायदा खरा आहे, हे मीही मानतो. माणशी 2 लिटर चालते, म्हणजे एक लिटरच्या दोन. मुंबईत उतरून पुढे नागपूरचं विमान धरायचं असेल तर बाटल्या चेक-इन बॅगेत टाकाव्यात. दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर दुकानदार पारदर्शक पिशवी सील करून देतो, आत पावती दिसली पाहिजे. ती पिशवी वाटेत फोडली की सिक्युरिटीवाला बाटली ठेवून घेतो, मग भांडून उपयोग नाही.

पण भाऊ, आपण राहतो वर्धा जिल्ह्यात. गांधींचा जिल्हा, दारूबंदी. गडचिरोलीत ती 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ला लागली आणि 2021 ला उठली, आपली तशीच आहे. कस्टम केंद्राचं, दारू हा विषय राज्याचा. नागपूरच्या कस्टमच्या साहेबाने ग्रीन चॅनलमधून, म्हणजे ड्युटी लागणारं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने, जाऊ दिलं म्हणजे पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडायची परवानगी मिळाली असं नाही. जावईबापू वरातीत मिरवतील, बाटली सापडली तर ठाण्यात बसेल तो पुतण्या. ती ड्युटी फ्रीची आहे, हे पावती दाखवून हवालदाराला समजावून सांगायची ज्याला हौस आहे, त्याने यंदा स्वतःच गाडी घेऊन पोट्ट्याला आणायला जावं.