लिंबू घेऊन फरशीच्या दुकानात

घराची फरशी बदलायची ठरली, की ज्यांनी स्वतःच्या घरातल्या पडद्यांचा रंगही कधी ठरवलेला नसतो, असे नातेवाईकसुद्धा एका रात्रीत दगडांचे जाणकार होतात. आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घराचे काम निघाल्याचे कळताच मेहुण्यांनी इटालियन मार्बलची शिफारस केली, शेजारच्या काकांनी कोटा फरशीची बाजू घेतली आणि आईने पंचवटीतल्या जुन्या घराची शहाबादी फरशी उन्हाळ्यात पायांना किती थंड लागत असे, याचे वर्णन सुरू केले. पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, पांढरा दगड खुशाल घ्या, फक्त तो पुसायचा कोणी, ते आधी ठरवा." माझी नोकरी एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत असल्यामुळे या चर्चेत रसायनशास्त्राच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. तसे वाटणारा घरात मी एकटाच होतो.

महामार्गालगतच्या दगडांच्या दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की तिथे दगड कोरडा दाखवण्याची पद्धत नाही. विक्रेता पाण्याची बाटली घेऊनच पुढे येतो आणि ज्या स्लॅबवर आपली नजर जरा रेंगाळते, तिच्यावर पाणी मारतो. त्याबरोबर पॉलिश न झालेला, मघापर्यंत मलूल दिसणारा दगड खुलतो, त्याच्या शिरा गडद होतात आणि पाणी वाळायच्या आत फुटाचा भाव सांगून मोकळे होता येते. मकराण्याचा मार्बल महाग, कारण तो जवळजवळ शुद्ध कॅल्साइटचा, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि म्हणून पांढराशुभ्र. ताजमहाल त्याचाच बांधलेला आहे, हे विक्रेत्याने आपण पायाभरणीला हजर असल्याच्या थाटात सांगितले. शेजारचा इटालियन त्याहूनही महाग, कारण त्यात करड्या शिरा आहेत. चुनखडक जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पालटून संगमरवर होत असताना त्यात माती, ग्राफाइट, लोहाची संयुगे असे जे काही अडकून राहते, त्याच या शिरा. एका दगडाचा भाव तो निर्भेळ आहे म्हणून चढतो आणि दुसऱ्याचा भेसळ आहे म्हणून, हे अर्थशास्त्र आमच्या दूधवाल्याच्या कानावर जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

त्या इटालियन स्लॅबच्या पाठीला रेझिनमध्ये बसवलेली फायबरची जाळी होती. ती कशासाठी, असे विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "मजबुतीसाठी, साहेब. नाहीतर माल शिरेवर तडकतो." म्हणजे ज्या शिरांसाठी जादा पैसे मोजायचे, त्यांच्यावरूनच दगड फुटू नये म्हणून त्याला मागून धरून ठेवायचे. मेहुण्यांना मात्र त्या शिरांमध्ये ढग दिसत होते.

एवढ्या वेळात मी खिशातले लिंबू काढले. दुकानात लिंबू नेण्यात काहीही वावगे नाही, असे माझे आजही मत आहे. आपण आंबा घेताना हुंगतो आणि नारळ घेताना वाजवून पाहतो, मग फुटावर एवढे पैसे मोजायचे तो दगडच तेवढा बिनपरीक्षेचा का घ्यावा? पॉलिश केलेल्या नमुन्याच्या तुकड्यावर मी एक थेंब पिळला. चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिले, तर थेंबाच्या कडेला सुईच्या टोकाएवढे बुडबुडे हळूहळू उमटत होते, कारण लिंबातले सायट्रिक आम्ल दगडातल्या कॅल्शियम कार्बोनेटशी भांडू लागले होते आणि त्या भांडणातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. थोड्या वेळाने थेंब पुसला. समोरून पाहता काहीच दिसत नव्हते; तुकडा उजेडात तिरका धरल्यावर मात्र रुपयाएवढी निस्तेज चकती स्पष्ट दिसली आणि तिच्यावरून बोट फिरवले तर आजूबाजूची गुळगुळीत घसरण तिथे किंचित अडत होती. हा डाग नव्हे, ही झीज आहे. डाग काढता येतो, झीज पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय जात नाही, हे मी विक्रेत्याला समजावून सांगितले.

"साहेब," तो दुखावलेल्या स्वरात म्हणाला, "मार्बलवर लिंबू पिळतो कोण?"

या माणसाने रविवारी सकाळी नाशिकचे स्वयंपाकघर पाहिलेले नसावे. मिसळीचा बेत म्हटला, की लिंबाच्या फोडी, हळदीची तर्री आणि तेलाचा तवंग एकाच वेळी ओट्यावर येतात आणि त्यांपैकी प्रत्येकाकडे मार्बलसाठी वेगळी शिक्षा तयार असते: लिंबू पॉलिश खाते, हळद रंग देते, तेल बारीक छिद्रांतून आत उतरून काळसर छटा सोडते. उरलेल्या आठवड्यात आमटीतले आमसूल, भेळेची चिंच, सांडलेले ताक आणि टोमॅटो हजेरी लावतात. हंगामात घरात येणाऱ्या द्राक्षांच्या पेट्यांनाही वगळता येत नाही, कारण चिंचेत असते तेच टार्टारिक आम्ल द्राक्षांतही असते. ज्या गावाची द्राक्षे आणि मिसळ या दोन्ही गोष्टींसाठी ख्याती आहे, त्या गावात मार्बलचा ओटा बांधणे म्हणजे दगडाला जाणूनबुजून छळछावणीत धाडणे होय. शिवाय खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 असा मोजणाऱ्या मोहच्या मापपट्टीवर कॅल्साइटचा कठीणपणा अवघा 3 आहे आणि पोलादी सुरीचा साधारण साडेपाच, त्यामुळे कोथिंबीर चिरताना हात जरा घसरला, तरी ओट्यावर ओरखडा उमटतो.

लिंबाची कीर्ती घरी पोहोचल्यावर काका खुश झाले आणि कोटा त्यातून निभावेल, असे त्यांनी जाहीर केले. त्यांचा विरस करणे मला भाग होते. राजस्थानचा कोटा, कर्नाटकातून येणारी शहाबादी आणि जुन्या ओट्यांवर हमखास दिसणारा आंध्रातला काळा कडप्पा हे तिन्ही चुनखडकच. त्यांचे रूपांतर झाले नाही म्हणून ते मार्बल झाले नाहीत, पण लिंबाशी त्यांचे वैर तेच आहे. कडप्प्याच्या ओट्यावर ताक सांडले, की पांढुरके ओघळ उठत आणि आई त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून ते दडवीत असे. गॅसच्या सिलिंडरचे गंजलेले कडे तर कोट्यावर असे काही तांबडे वर्तुळ उमटवते, की पुढे सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला तरी तो कुठे उभा होता हे भाडेकरूलाही सांगता येते. तरीही हॉलसाठी कोटाच ठरला. तो घट्ट, बारीक कणांचा आणि स्वस्त आहे, वावराने त्याला आपोआप तुकतुकी येते, आणि हॉलमध्ये मिसळ खायला माझा विरोध असला, तरी तो कोणी विचारात घेतलेला नाही.

ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट घ्यायचे ठरायला मात्र वेळ लागला नाही. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असतात, त्यांचा कठीणपणा 6 ते 7 आणि लिंबाला तिथे कोणी विचारत नाही. भूशास्त्रज्ञ मात्र दुकानातल्या बहुतेक काळ्याभोर मालाला ग्रॅनाइट म्हणणार नाहीत, तो गॅब्रो किंवा डोलेराइट निघतो. मी हे सांगताच विक्रेत्याने घाईने माझ्यापुढे कारखान्यात तयार झालेली क्वार्ट्झची लादी ठेवली. तीही कठीण आणि सुंदर असते, परंतु तिच्यातली क्वार्ट्झची पूड रेझिनने बांधलेली असल्यामुळे गॅसवरून उतरवलेला तापलेला तवा तिच्यावर टेकवता येत नाही. पत्नी म्हणाली, "मग तवा काय हातात धरून उभी राहू?" लादी परत गेली.

या सगळ्या यादीत राजस्थान होते, आंध्र होते, इटली होती. नाशिकचा दगड तेवढा नव्हता. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला आणि आपण सगळे त्याच्यावर राहतो. त्यातच दोन हजार वर्षांपूर्वी पांडवलेणी कोरली गेली, त्र्यंबकेश्वर आणि काळाराम ही मंदिरे याच काळ्या पाषाणात उभी राहिली आणि घरोघरचे पाटे-वरवंटेही त्याचेच. त्याच्या पोकळ्यांतली झिओलाइट या खनिजाची स्फटिके पाहायला लोक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तिकीट काढून जातात. बेसाल्टच्या लाद्या का नाहीत, असे विचारल्यावर विक्रेत्याने माझ्याकडे कणवेने पाहिले. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला जागोजागी सांधे पडतात, त्यामुळे अखंड मोठ्या स्लॅबी क्वचितच निघतात, हे खरे कारण. तो घरात येतो तो खडी होऊन, काँक्रीटच्या आत, आणि त्याचा रंग कोणी विचारत नाही.

दगड घरी येताना त्याच्या वजनाचा मुद्दा निघतो. अठरा मिलिमीटर जाडीच्या दगडाचा एक चौरस फूट साधारण साडेचार किलो भरतो, म्हणजे नऊ बाय पाचच्या स्लॅबचे दोनशे किलो होतात. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या सचिवांनी माल लिफ्टने नेण्यास लेखी मनाई केली आणि हमालांनी तिसऱ्या मजल्याचा भाव मजल्यागणिक वाढवून सांगितला.

एवढे होऊनही मार्बल घरात आलाच. "देवघराला तरी पांढरा दगड हवा," असे आईने सांगितले आणि देवघरात लिंबाचे काय काम, म्हणून मीही रसायनशास्त्र आवरते घेतले. आई देवघरातच ताम्हण मांडून पितळी देव चिंचेने घासते. ताम्हणाच्या कडेवरून ओघळलेल्या कोळाने बाळकृष्णाच्या पुढ्यात निस्तेज चकत्यांची एक रांगच उठली. पॉलिशवाल्याला बोलावले. त्याने गुडघ्यावर बसून दगड न्याहाळला आणि दोन फुटांसाठी मशीन आणणे परवडत नाही, हॉलच्या कोट्यालाही पॉलिश मारून घ्या, असा सल्ला देऊन आकडा सांगितला.

आईने तो आकडा शांतपणे ऐकून घेतला. "अरे, एवढ्या पैशांत देवच चांदीचे करून घेऊ," ती म्हणाली, "चांदीला चिंच लागत नाही. सराफ बाजारात कधी येतोस, ते सांग."