अपडेटनं बिघडलं म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

सेवा केंद्रवाल्यांच्या, झेरॉक्सवाल्यांच्या ग्रुपात एक मेसेज फिरायलाय, लातूरपासून हिंगोलीपर्यंत सगळ्यांनी पुढं ढकललाय. म्हणे लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची सिस्टीम) एकदा अपडेट झालं की मागं येता येत नाही, फॉरमॅटच मारावं लागतं, नाहीतर जुनी डेब फाईल (उबुंटू, डेबियन या लिनक्सांवर सॉफ्टवेअर बसवायची फाईल) कुठूनबी उतरवून फोर्स करून बसवा, आणि अपडेट कायमचं बंद करून टाका. खाली एररचा फोटोबी जोडलाय. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिलीपायी लोकांचं खरंच नुकसान व्हायलंय म्हणून लिहायलोय.

पहिलं, मागं येता येत नाही म्हणे. अंबाजोगाईला माझ्या मित्राच्या दुकानात उबुंटूचं अपडेट झालं आणि वाय-फायचं डोंगल बंद पडलं, दुरुस्तीवाल्यानं सरळ फॉरमॅट मारलं, तीन वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाईली गेल्या. अरे, बिघाड नव्या कर्नेलवर (सिस्टीमचा गाभा) डोंगलचा ड्रायव्हर बसला नाही एवढाच होता! नवं कर्नेल आलं तरी आधीचं लगेच निघत नाही, मशीन चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबलं की ग्रबचा, म्हणजे काय चालू करायचं ते विचारणारा, मेनू येतो, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधे जाऊन जुनं कर्नेल निवडायचं, दोन मिनिटांचं काम. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात तर मुळातच तीन कर्नेल ठेवतात.

एकच सॉफ्टवेअर बिघडलं असेल तर उबुंटू-डेबियनवर सॉफ्टवेअर बसवायचं-काढायचं काम ॲप्ट करतं, म्हणून आधी व्हारमधल्या लॉगमधल्या ॲप्ट या फोल्डरातली हिस्टरी लॉग फाईल उघडा, कोणतं पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) कोणत्या व्हर्जनवरून कुठं गेलं ते तारखेसकट तिथं लिहिलेलं असतं. मग ॲप्ट पॉलिसी कमांडनं कोणती व्हर्जन मिळतेय ते बघा आणि इन्स्टॉल करताना पॅकेजच्या नावाला चिकटून बरोबरची खूण (=) आणि तो नंबर द्या. त्याआधी डॅश एस लावून एकदा नुसती तालीम करा, दहा-वीस पॅकेज काढतो म्हणाला तर तिथंच थांबा. रिपॉझिटरीत (ॲप्ट जिथनं सॉफ्टवेअर उतरवतं ते भांडार) जुनी व्हर्जन नसली तर उबुंटूची लाँचपॅड या त्यांच्या साईटवर आणि डेबियनची त्यांच्या स्नॅपशॉट संग्रहात मिळते. मार्च 2024 मधे एक्सझेड या फाईली दाबून लहान करायच्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 मधे चोरदरवाजा सापडला तेव्हा खुद्द डेबियननं मागं येऊन 5.4.5 दिलं, नंबर मात्र 5.6.1 प्लस रिअली 5.4.5 असा ठेवला, म्हणजे अपडेट मारलं की सगळ्यांकडं आपोआप जुनंच बसावं. हां, आख्खं डेबियन 12 वरून 11 वर आणायला खरंच सपोर्ट नाही, एवढं मान्य.

दुसरं, फोर्स. हे करूच नका. फोर्स म्हणजे डिपेंडन्सी (त्याला लागणारी बाकीची पॅकेजं) जुळत नसली तरी बसव, मग पुढं ॲप्ट प्रत्येक वेळी अडून बसतं, आणि कुठल्याबी साईटवरच्या फाईलला डिस्ट्रोची (उबुंटू, डेबियन वगैरेंची) सही नसते.

तिसरं, अपडेट कायमचं बंद. गावातल्या लोकांचे आधार, सातबारे ज्या मशीनवर उघडतात त्याचे सिक्युरिटी अपडेट बंद ठेवायचे? फक्त बिघडलेलं पॅकेज ॲप्ट-मार्क होल्ड या कमांडनं थांबवा, दुरुस्ती आली की अनहोल्ड करा. ब्राउझर मात्र फार दिवस होल्डवर ठेवू नका. आणि फायरफॉक्स 67 पासून नव्या व्हर्जनमधे वापरलेलं प्रोफाईल (आपले बुकमार्क, पासवर्ड वगैरे) जुन्यात सरळ उघडत नाही, म्हणून मागं यायच्या आधी प्रोफाईलची कॉपी काढून ठेवा. मिंट या लिनक्समधे टाइमशिफ्ट हे सॉफ्टवेअर आयतंच असतं, अपडेटआधी एक स्नॅपशॉट (त्या घडीच्या सिस्टीमची नक्कल) घेतला की सिस्टीम मागं येते, पण होम फोल्डर त्यात मुळात धरलेलं नसतं, आपल्या फाईलींचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

आता तो फोटो. नीट बघा, त्यात डीपीकेजी (ॲप्टच्या हाताखाली पॅकेज बसवणारं) मधेच थांबलं असं लिहिलंय. अपडेट चालू असताना लाईट गेली की हे होतं, आपल्याकडं तर रोजचंच. व्हर्जनचा इथं संबंधच नाही, सुडो लावून डीपीकेजी, डॅश डॅश कॉन्फिगर, डॅश ए एवढी कमांड मारली की अर्धवट राहिलेलं काम पुरं होतं, आणि ती कमांड त्याच एररच्या ओळीत छापलेली आहे.