रद्दी, फुकटचा भुसा आणि चुना : पिल्लांच्या जिवावर बेतणारा सल्ला

कोंबड्या पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: 'खुराड्यात आणि पिल्लांखाली विकतचं काही अंथरू नका. रद्दी पेपर घाला, सुताराकडून फुकट भुसा आणा, वास आला की चुना मारा आणि वर नवा थर टाका. वर्षभर बघायला नको.' मुंबईतल्या गोराई, मढ, आरेचे पाडे इथं परसात चार-दहा गावठी कोंबड्या सांभाळणाऱ्यांना हे सोयीचं वाटणारच. पण यानं पिल्लं दगावतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

रद्दी पेपर. पेपर गुळगुळीत असतो. नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पायात जोर नसतो. उठायला गेलं की नखांना धरायला काही सापडत नाही, एक पाय डावीकडे जातो, एक उजवीकडे, आणि पिल्लू पोटावर बसतं. पुन्हा धडपडतं, पाय आणखी फाकतात. असेच काही दिवस गेले तर ते पाय सरळ होणं कठीण. शिवाय ओला पेपर ओल शोषण्याऐवजी लगदा होऊन बसतो. पेपरचा उपयोग फार तर पहिले एक-दोन दिवस: भुशावर खरबरीत कागद घालून त्यावर खाद्य पसरायचं, म्हणजे पिल्लं भुसा न टिपता दाणा टिपायला शिकतात. मग कागद उचलायचा.

सुताराचा भुसा. मुंबईत आज फर्निचरचं बरंचसं काम प्लाय आणि एमडीएफमध्ये (लाकडाचा भुगा गोंदानं दाबून केलेल्या फळ्यांत) होतं. त्याच्या भुकटीत लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो आणि ती इतकी बारीक असते की पिल्लांच्या श्वासात जाते. अस्सल लाकडाला रंधा मारताना निघणाऱ्या ढलप्या चालतील, पॉलिश किंवा वाळवीचं औषध लागलेल्या नकोत. मला विचाराल तर भाताचं तूस सगळ्यांत बरं. पालघर, वाडा, कर्जतकडच्या भातगिरण्यांत मिळतं, हलकं असतं, लवकर सुकतं. कोंडा मात्र आणू नका, तो कोंबड्या खातात आणि ओलीत त्याला बुरशी धरते.

चुना. विष्ठेतला नायट्रोजन जिवाणूंमुळे अमोनियात बदलतो. चुना अल्कधर्मी. ओल्या गादीवर, म्हणजे खुराड्यात अंथरलेल्या थरावर, तो पडला की हा अमोनिया वायू होऊन आणखी जोरात बाहेर पडतो. म्हणजे ज्या वासासाठी चुना मारला, तोच वाढतो, आणि उडणाऱ्या फक्कीनं पिल्लांचे डोळे चुरचुरतात ते वेगळंच. खुराडं रिकामं करून, धुऊन, सुकवल्यावर जमिनीला आणि भिंतींना चुना लावा, तिथं तो उपयोगी आहे.

वर नवा थर. खरा धोका इथं आहे. थरावर थर देण्याची गादी पद्धत खोटी नाही, पण ती कोरड्या गादीवर चालते. मुंबईत पावसाळ्यात 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवाच ओली असते. गादीत 20-25 टक्के ओल ठीक, 35च्या वर गेली की ढेपा धरतात. मूठभर गादी दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, हलकेच विस्कटला तर बरोबर, मुळीच जमला नाही तर धूळ उडेल इतकी कोरडी. ओल्या, उबदार गादीत रक्ती हगवणीचे परजीवी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात आणि ॲस्परजिलस बुरशी पिल्लांची फुप्फुसं धरते. वरून कोरडं तूस टाकलं तरी कोंबडी उकरून खालचं वर आणतेच.

त्यापेक्षा ओला भाग खरवडून काढा, सुरुवात पाण्याच्या भांड्याखालून. भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. उरलेली गादी रोज उलथवा, पागोळ्यांचं पाणी आत येणार नाही इतका छपराचा पत्रा पुढे वाढवा. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देण्याच्या जागेत, 5 सेंटीमीटर तूस पुरे. बल्ब मात्र तुसापासून लांब, पक्का टांगा, आग लागायला वेळ लागत नाही.

वास उभ्यानं घेऊ नका. गुडघ्यावर बसून नाक पिल्लांच्या उंचीला न्या. तिथं डोळे चुरचुरले तर गादी त्याच दिवशी बदला.

काढलेली गादी नाल्यात लोटू नका, पावसात नाला तुंबतो. ती झाकून कुजू द्या, मगच कुंड्यांना घाला. ताजी घातली तर रोपांची मुळं जळतात.